आधी तांदूळ, मग फेड



रायगड-पालघरकडच्या कातकरी वाड्यांवर कर्जाला ‘उचल’ म्हणतात. पावसाळ्यात हाताला काम नसते, तांदूळ संपतो, तेव्हा वीटभट्टीमालक पैसे देतो. दिवाळीनंतर सारे कुटुंब भट्टीवर जाते. पाऊस येण्याआधी हिशेब होतो: हजार विटांमागे ठरलेल्या दरातून खर्ची वजा, उचल वजा, आणि राहिलेली बाकी पुष्कळदा पुढल्या वर्षावर. वही मालकाकडेच. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने रद्द झाली, वही उरली.

तुमच्यापैकी काहींनी विचारले, देणगीतून एखाद्या घराची उचलच फेडून टाकली तर? भावना चांगली आहे. पण घरात तांदूळ नसेल तर गणपतीपर्यंत नवी उचल होते. म्हणून आम्ही आधी पावसाळ्याचा साठा करायला सांगतो, मग फेड.

‘दरमहा अमुक रुपये’ हा बचत गटाचा नियम इथे चालत नाही. ज्या आठवड्यात खर्ची हातात पडते, त्या आठवड्यात वीस रुपये. श्रावणात काहीच नाही, आणि दंडही नाही. दंड लावला की बाया यायच्या बंद होतात. शिवाय प्रत्येक घराने आपली वही ठेवायची. लिहिता येत नसेल तर हजार विटांना एक रेघ. हिशेबाला ती रेघांची वही पुढे आली, की मालकाचा आवाज जरा उतरतो!

नहेम्याचा पाचवा अध्याय वाचा. दुष्काळात शेते आणि लेकरे गहाण पडलेल्यांची हीच तक्रार तिथे आहे.

देणगी द्यायचीच तर मे महिन्यात द्या, गटाच्या धान्य बँकेसाठी. तिथून नेलेला तांदूळ घरे भट्टीच्या खर्चीतून परत भरतात.