हवेतले धातू : किती आणि कोणत्या रूपात?



मुंबईच्या हवेतल्या धुळीत माती असते,
काजळी असते,
आणि जड धातूही असतात.

ते येतात कुठून?

ब्रेक दाबला, की त्याचं पॅड झिजतं.
त्यातून तांबं आणि अँटिमनी हवेत जातं.
टायर झिजतो, त्यातून जस्त येतं.
रबर पक्कं करताना झिंक ऑक्साइड घालतात ना, तेच हे!
म्हणजे धूर न सोडणारी विजेची गाडीही यातून सुटत नाही.

बंदरात जहाजं जड तेल जाळतात.
त्या धुरात व्हॅनेडियम आणि निकेल असतं.

आणि शिसं?
शिसेयुक्त पेट्रोल आपल्याकडे 2000 साली बंद झालं.
पण धातू कुजत नाही.
रस्त्याकडेच्या मातीतलं जुनं शिसं
वाऱ्याबरोबर पुन्हा उठतं.
जुन्या बॅटऱ्या वितळवणाऱ्या भट्ट्या त्यात भर घालतात.

आता मुख्य मुद्दा.
धातू किती आहे, एवढंच पाहून चालत नाही.
तो कोणत्या रूपात आहे, हे पाहावं लागतं.

क्रोमियमच घ्या.
त्याचं त्रिसंयुजी रूप तुलनेनं सौम्य.
षट्संयुजी रूप मात्र फुप्फुसाच्या कर्करोगाला कारण ठरतं.
धातू तोच... रूप वेगळं.

मातीच्या खनिजात जखडलेला धातू
शरीरात सहसा विरघळत नाही.
जळणातून आलेला धातू बारीक कणांवर बसतो,
फुप्फुसात खोल जातो,
आणि बऱ्याचदा सहज विरघळतो.

पुन्हा सांगते, किती आहे आणि कोणत्या रूपात आहे, दोन्ही पाहायचं.

म्हणून प्रयोगशाळेत ही धूळ
आधी पाण्यात,
मग सौम्य आम्लात,
शेवटी तीव्र आम्लात घालतात.
जो धातू आधी सुटतो, त्याची काळजी जास्त.