पहिलं बाळंतपण

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा साधा रिवाज. सातवा महिना लागला की वडील नाहीतर भाऊ न्यायला येतो आणि मुलगी पिशवी भरून निघते. यात जातीधर्माचा फारसा संबंध नाही. आम्ही नगर जिल्ह्यातले ख्रिस्ती, आमच्यातही तेच. आज मी जिची गोष्ट सांगणार आहे तिचं माहेर मात्र चार महिन्यांच्या समुद्रप्रवासाइतकं लांब होतं. तिचं नाव हॅरिएट न्यूएल. अमेरिकेतून परदेशी पाठवलेल्या पहिल्या मिशनरी तुकडीतली ती एक.

तिची ओळख कशी झाली ते आधी सांगते. आमच्या ह्यांची पाळक म्हणून पहिली नेमणूक एका लहान गावात झाली. चर्चच्या मागे दोन खोल्या. पाळकाचं घर म्हणजे साऱ्या मंडळीचं घर. सकाळी दार उघडलं की कुणीतरी ओट्यावर बसलेलं असायचं. मला दिवस गेले ते माझ्या आईच्या आधी मंडळीतल्या बायकांना कळलं! कुणी चिंचा आणून दिल्या, कुणी उपासनेत माझ्यासाठी मोठ्याने प्रार्थना केली आणि मी लाजून मान खाली घातली. सातव्या महिन्यात वडील न्यायला आले. हे म्हणाले, तारीख जवळ आली की येतो. पण पोरीने तारखेची वाट पाहिली नाही. वडिलांनी तार केली. ती पोचली त्या दिवशी हे दुसऱ्या गावी एका मयतीला गेले होते. आले ते तिसऱ्या दिवशी. मी बोललेच नाही त्यांच्याशी. त्यांनी एवढंच सांगितलं, ‘मयत उचलायला चार माणसंसुद्धा नव्हती गं.’ मला ते तेव्हा पटलं नाही. खरं सांगायचं तर अर्धं अजूनही पटलेलं नाही.

पुढे वर्षभराने चर्चच्या जुन्या कपाटात वाळवी लागलेली इंग्रजी पुस्तकं निघाली. त्यांत हॅरिएटच्या आठवणींचं पुस्तक होतं. पोरीला मांडीवर झोपवून, शेजारी शब्दकोश ठेवून मी ते वाचलं.

हॅरिएटचा जन्म १७९३चा, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या हेवरिल गावचा. वडील व्यापारी, ती चौदा-पंधरा वर्षांची असताना ते क्षयाने गेले. घरात आई आणि पुष्कळ भावंडं. सॅम्युएल न्यूएल नावाच्या तरुणाने तिला मागणी घातली तेव्हा लग्नाबरोबर हिंदुस्थानचा प्रवासही पदरात येणार होता, आणि तो बहुधा एकेरी. तिची बरीच उलघाल झाली. आई नको म्हणेल, मग प्रश्नच मिटेल, असंही तिला कुठेतरी वाटत असावं. पण आईने अडवलं नाही. देवाचं बोलावणं असेल तर मी कोण अडवणार, असा त्या माउलीचा भाव होता. मला त्या आईचं नेहमी आश्चर्य वाटतं आणि थोडा रागही येतो.

९ फेब्रुवारी १८१२ला लग्न झालं आणि १९ तारखेला सेलम बंदरातून ‘कॅरव्हान’ हे गलबत निघालं. म्हणजे दहा दिवसांची नवरी, वय अठरा. बरोबर दुसरं जोडपं होतं अडोनिराम आणि अ‍ॅन जडसन यांचं. त्यांचंही लग्न नुकतंच, त्याच महिन्यात झालेलं. अ‍ॅन आणि हॅरिएट आधीपासूनच्या मैत्रिणी. पहिले काही दिवस बोट लागून सगळे आडवे. मग व्यायाम हवा म्हणून डेकवर दोरीच्या उड्या मारणंसुद्धा झालं. मिशनरी म्हटलं की आपल्यासमोर काळा झगा आणि गंभीर चेहरा येतो. मला या उड्या मारणाऱ्या मुली फार जवळच्या वाटल्या. त्या गलबतावरच कधीतरी हॅरिएटला दिवस गेल्याचं लक्षात आलं असणार. सासू नाही, आई नाही, विचारायचं कुणाला? अ‍ॅनला. आणि अ‍ॅनला तरी काय ठाऊक!

१७ जूनला गलबत कलकत्त्याला लागलं. तिथे केरीसाहेबांनी त्यांना श्रीरामपूरला नेऊन आसरा दिला. हे तेच विल्यम केरी, ज्यांनी १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं. श्रीरामपूर ही मूळची डॅनिश वसाहत, पण तेव्हा तीही इंग्रजांच्याच ताब्यात होती. कंपनी सरकारने या अमेरिकनांना परत जायला फर्मावलं. १८०६च्या वेल्लोरच्या बंडापासून कंपनी धर्माच्या बाबतीत फार बिचकून असे. मिशनरी आले की लोक बिथरतील, व्यापार बुडेल, ही धास्ती. पुढच्याच वर्षी, १८१३ला, पार्लमेंटने कंपनीची सनद बदलली आणि मिशनऱ्यांना परवान्याने येण्याची वाट मोकळी झाली. हॅरिएटला त्याचा काय उपयोग?

अमेरिकेला परतायचं नाही, तर जायचं कुठे? मॉरिशस बेट इंग्रजांनी १८१०मध्ये फ्रेंचांकडून घेतलं होतं. तिकडे जाण्याची परवानगी मिळाली. निघालेल्या गलबतात जागा होती दोघांपुरतीच. हॅरिएटची अवस्था पाहून जडसन जोडपं मागे थांबलं. बाळंतपणाच्या आत तिला कुठेतरी टेकता यावं म्हणून. सगळ्यांनी विचार केला तो तिच्या भल्याचाच. पण झालं असं, की आजवर सोबतीला असलेली एकुलती एक बाईमाणूसही मागे राहिली.

४ ऑगस्टला ते दोघं निघाले. सहा-सात आठवड्यांचा प्रवास, पण वारं उलटं. महिनाभर गलबत बंगालच्या उपसागरात भिरभिरत राहिलं, त्यातच पाणी आत यायला लागलं, म्हणून ते आंध्रच्या किनाऱ्यावर, काकीनाड्याजवळच्या कोरिंगा बंदरात आणलं. तिथे हॅरिएट तापाने पडली. दुरुस्ती होऊन सप्टेंबरच्या मध्यानंतर पुन्हा निघाले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला, नऊ महिने भरायच्या आत, भर समुद्रात ती बाळंत झाली. मुलगी झाली. जवळ होता फक्त नवरा. धर्मशास्त्र शिकलेला माणूस. नाळ कापायला त्याला कुणी शिकवलं होतं?

बाळ चांगलं होतं म्हणतात. मग वादळ आलं, वाऱ्यापावसात बाळाला गारठा बसला आणि ते पाचव्या दिवशी गेलं. जाण्यापूर्वी त्याचा बाप्तिस्मा झाला होता. आपल्याकडे पाचवीला सटवाई बाळाचं नशीब लिहायला येते म्हणतात. मी ख्रिस्ती असले तरी वाढले याच मातीत. ‘पाचव्या दिवशी’ हे शब्द वाचले आणि पुस्तक मिटून ठेवलं. त्याच महिन्यात हॅरिएटला एकोणिसावं वर्षं पुरं झालं.

बाळंतपणानंतर लगेच क्षयाची लक्षणं दिसली, वडिलांचाच आजार. मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात ते उतरले आणि ३० नोव्हेंबर १८१२ला तीही गेली. लग्नाला दहा महिनेसुद्धा झाले नव्हते. हे सगळं आपल्याला कळतं ते मुख्यतः सॅम्युएलने सासूबाईंना लिहिलेल्या पत्रातून. ते पत्र लिहायला तो कसा बसला असेल! अठ्ठावीस वर्षांचा माणूस. पाठीमागे अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात युद्ध पेटलेलं, त्यामुळे पत्र पोचायला महिनेच्या महिने लागणार. कलकत्त्याहून गेलेल्या पत्रातून हेवरिलला दिवस गेल्याची खबर लागली असेल, तर तोवर आजीच्या हिशेबात नातवंडाला दात येत असतील.

जानेवारीत जडसन पतिपत्नी मॉरिशसला पोचली तेव्हा त्यांना ही बातमी ऐकावी लागली. पुढे अ‍ॅनलाही दिवस गेले. १८१३च्या उन्हाळ्यात ते मद्रासहून रंगूनला निघाले, अ‍ॅनच्या सोबतीसाठी एक युरोपीय बाई ठरवली, तर ती गलबतावर चढल्या चढल्याच मरण पावली! अ‍ॅनचं बाळ त्याच प्रवासात मृत जन्मलं. म्हणजे ‘कॅरव्हान’वरच्या दोन्ही मैत्रिणींचं पहिलं मूल समुद्रानेच घेतलं.

अमेरिकेत मात्र हॅरिएट मोठी झाली. १८१४मध्ये तिच्यावरचं प्रवचन, पत्रं आणि रोजनिशी मिळून पुस्तक निघालं, त्याच्या किती आवृत्त्या झाल्या! आईबाप मुलींना तिचं नाव ठेवू लागले. पुस्तकाने तिला हुतात्मा केलं. मला इथे थोडं अडखळायला होतं. तिने एकही शाळा काढली नाही, कुणाला शिकवलं नाही, तिला तेवढा वेळच मिळाला नाही. ती एक बाळंतीण होती आणि बाळंतपणात जशा त्या काळी हजारो बायका जात, तशी गेली. हुतात्मा म्हटलं की ते पाच दिवसांचं मूल एका ओळीत उरकतं आणि नेलं कुणी, का नेलं, हे प्रश्नच उरत नाहीत. मला ती बाळंतीण म्हणूनच आठवावीशी वाटते.

आणि सॅम्युएल? मला वाटलं होतं, हा आता घरी जाईल. नाही गेला. आधी सिलोनला गेला आणि १८१४ साली आपल्या मुंबईत आला. तिथे त्याचे सोबती गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३च्या फेब्रुवारीतच पोचले होते. त्यांनाही परत पाठवायचे हुकूम सुटले होते, पण ते कसेबसे टिकले. हीच अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात. पुढे नगरला आलेल्या ज्या शाळांत माझी आजी शिकली, त्यांचं मूळ इथे आहे. सॅम्युएल मराठी शिकला, त्याने १८१८ला मुंबईतच पुन्हा लग्न केलं आणि ३० मे १८२१ रोजी पटकीने गेला.

हे सगळं मी ह्यांना वाचून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘तो निदान जवळ तरी होता.’ वर्षभरात प्रथमच तो विषय त्यांनी आपणहून काढला. मी चहा टाकला.

आमच्या त्या मुलीचं लग्न ठरलं ते पाळकाशीच. मी विहीणबाईंना साखरपुड्यातच सांगून टाकलं, सातव्या महिन्यात मी स्वतः न्यायला येणार. जावयाला बाजूला घेऊन निराळं बजावलं, त्या दिवसांत मयत असली तर शेजारच्या पाळकाला सांगायचं. तो ‘हो आई’ म्हणाला आणि शब्दाला जागला; नातू झाला तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात तोच उभा होता. फक्त रात्रभर त्याचा मोबाईल वाजत होता. मंडळीतलं कुणीतरी अत्यवस्थ होतं.