नाव फळ्यावर लावायचं का?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील भाषण)

बायांनो, रोवणीची घाई सोडून आलात. विषय अवघड आहे, तरी बोलूच. मागच्या बैठकीत एका ताईनं विचारलं, "पोरीवर अत्याचार करणारा पोरगा सतरा वर्षांचा असला, तर त्याचं नाव ग्रामपंचायतीच्या फळ्यावर का लावत नाहीत? आम्ही पोरी कशा जपायच्या?" राग खरा आहे.

अठरा वर्षांखालच्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. हे मंडळ प्रत्येक जिल्ह्यात असतं. मुलगा सोळा वर्षांचा झालेला असेल आणि गुन्हा बलात्कारासारखा असेल, तर २०१५ च्या कायद्याप्रमाणे मंडळ आधी तपासतं: त्याची मनाची-शरीराची कुवत किती, परिणाम कळत होते का, कोणत्या परिस्थितीत घडलं. मंडळाला योग्य वाटलं तर मोठ्या माणसासारखा खटला चालवायला प्रकरण बाल न्यायालयात पाठवतं.

नाव मात्र जाहीर करता येत नाही. मोबाईलवर त्याचा फोटो फिरवला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद २०१८ मध्ये सुरू झाली, तीही पोलिसांच्या कामासाठी.

मलाही आधी पटलं नव्हतं. पण गाव लहान. पोराचं नाव फुटलं की पोरगी कोण, हे दुसऱ्या दिवशी नळावर कळतं. पुष्कळदा तो नात्यातला, शेजारचाच असतो.

पंचांत बसून मिटवू मात्र नका. माहीत असून न कळवणं हा पोक्सो कायद्यात गुन्हा आहे. १०९८ वर फोन करा, आणि पोरीच्या आईसोबत ठाण्यात गटातल्या दोघी तरी जा.