पऱ्हाट्यांचं प्लास्टिक: आधी प्रक्रिया, मग यंत्र

आपल्या बीड जिल्ह्यात कापूस निघाला की पऱ्हाट्या चुलीत जातात, नाहीतर बांधावर पेटतात. याच पऱ्हाट्यांपासून फळ्या बनवायचं तंत्र मुंबईच्या ‘सिरकॉट’ या कापूस संशोधन संस्थेनं काढलंय. अशा लाकडाचा बारीक धागा मका किंवा उसाच्या साखरेपासून बनणाऱ्या जैवप्लास्टिकमध्येही मिसळतात. त्याचं यंत्र घ्या म्हणून कुणी गटाकडे आलं, तर पहिला प्रश्न विचारा: धाग्यावर प्रक्रिया कोणती?

कारण धागा पाणी ओढतो, प्लास्टिक पाणी झटकतं. दोघं एकजीव होत नाहीत, वस्तू लवकर मोडते. खळ काढल्याशिवाय कोरं कापड रंग धरत नाही, तसंच हे. म्हणून धागा कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवतात; बरेचदा शंभराला पाच हे प्रमाण असतं. मेणचटपणा निघतो, धागा खरखरीत होतो, प्लास्टिकला पकड मिळते. सोडा जास्त झाला तर धागाच कमजोर होतो. नंतर तो स्वच्छ धुवून खडखडीत वाळवायचा.

हे काम घरात करायचं नाही. कॉस्टिकनं कातडी भाजते, डोळा जाऊ शकतो, जर्मनचं पातेलंही तो खातो. त्याचं सांडपाणी ओढ्यात सोडू नये.

विक्रेत्याकडून नमुना मागा. वजन करून रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी पुसून पुन्हा तोला. फुगला, बराच जड झाला, तर गटाची बचत त्यात घालू नका. ठराव लिहिण्याआधी तो नमुना बैठकीत प्रत्येकीच्या हातात द्या.