चिमूटभर सोडा, पण हळूहळू

कोलकात्यात राहायला आल्यावर मी गॅलिफ स्ट्रीटच्या रविवारच्या बाजारातून गप्पी आणले. पावसाळ्यात वाटलं, पावसाच्या पाण्याइतकं शुद्ध काय असणार? दर आठवड्याला तेच टाकीत ओतलं.

महिन्याभरात मासे मलूल. केएचची चाचणी केली, पहिल्याच थेंबाला पाणी पिवळं! म्हणजे कार्बोनेट जवळजवळ संपलेलं. पावसाच्या पाण्यात ते नसतंच. टाकीतले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात, त्यात आम्ल तयार होतं आणि उरलंसुरलं कार्बोनेट खर्ची पडतं. मग पीएच घसरतो, जिवाणू मंदावतात, अमोनिया साठतो. पण आम्लधर्मी पाण्यात तो फारसा विषारी नसतो.

मी घाईने चमचाभर खायचा सोडा टाकला. पीएच चढला आणि तोच अमोनिया विषारी झाला. सकाळी सहा गप्पी गेलेले. हे माझ्या हातून झालं, पाण्याला काय बोल लावायचा?

आता आधी रात्रभर ठेवलेलं नळाचं पाणी थोडं थोडं बदलतो, अमोनिया तपासतो. मगच सोडा: 100 लिटरला 3 ग्रॅम, म्हणजे एक अंश वाढतो. वेगळ्या भांड्यात विरघळवून, दिवसाला एकच अंश. आणि हो, बेकिंग पावडर नव्हे बरं का!