सार्वजनिक वाट आणि दोनशे रुपये



वसंतातल्या व्याख्यानाला कायद्याचा विषय घ्यावा, आणि त्यातही रस्ता अडवण्याचा, हे काहींना रुक्ष वाटेल. पण सेलूच्या माणसाला हा विषय परका नाही. कापसाच्या दिवसांत जिनिंगपुढे वाहनांची रांग लागली म्हणजे घाईने निघालेला माणूस किती वेळ खोळंबतो, हे आपण सर्वांनी भोगले आहे. आणि रानातली पांदण शेजाऱ्याने नांगरून आपल्या शेतात घेतली म्हणजे मृगानंतर काय होते, हे आम्ही सांगायला नकोच. मुरमाड मुलखात वाट अडली तर माणूस बाजूने निघून जातो. आपल्या काळ्या जमिनीत बाजूने जाणारा गुडघाभर रुततो. तेव्हा बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचे असेल तर बाज खांद्यावर घ्यावी लागते.

अशा प्रसंगी कायदा काय म्हणतो? १८६० च्या भारतीय दंड संहितेत २८३ वे कलम होते. आपल्या भागाला ते उशिरा लाभले. निजामाच्या राज्याचा दंडकायदा वेगळा होता आणि १९५१ साली ही संहिता इकडे लागू झाली. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली असून तेच कलम आता २८५ या आकड्याने ओळखले जाते. आशय असा : काही कृत्य करून, किंवा आपल्या ताब्यातल्या वस्तूची नीट व्यवस्था न लावून, जो कोणी सार्वजनिक मार्गावर अगर सार्वजनिक जलमार्गावर कोणाही व्यक्तीला धोका, अडथळा वा इजा पोहोचवील, त्याला दंड.

यातला दुसरा तुकडा फार मार्मिक आहे. ‘मी कोणाला अडवायला गाडी सोडली नव्हती, बैल तेवढे पाण्यावर नेले होते’ ही सबब येथे चालत नाही. हेतू वाईट असावा लागत नाही. वस्तू आपली आणि ती वाटेत पडली, एवढे पुरे. मात्र त्यामुळे कोणीतरी प्रत्यक्ष अडले, हे दाखवावे लागते. पंचनाम्यात ‘रस्त्यात वाळूचा ढीग आढळला’ एवढेच लिहून भागत नाही. त्या ढिगाने कोणाची वाट अडवली, हेही आले पाहिजे.

आणि दंड किती? दोनशे रुपयांपर्यंत. १८६० साली ही रक्कम मजुराची कित्येक महिन्यांची कमाई होती. २०२४ च्या जूनअखेरपर्यंत तो आकडा जसाच्या तसा राहिला आणि त्यात एका घरची भाजीही धड येईनाशी झाली. आता मर्यादा पाच हजारांची आहे. वाढ मोठी खरी. पण एकरभर पांदण गिळलेल्याला पाच हजारही स्वस्तच पडतात, असे आमचे प्रामाणिक मत आहे.

जलमार्गाचा उल्लेख ऐकून कोणी हसेल. सेलूला गलबते कोठून येणार? पण संहिता झाली त्या काळात आपल्याच गोदावरीवर खालच्या अंगाने, पार सिरोंच्याकडे नावा चालवण्याचा खटाटोप सुरू होता. आर्थर कॉटन या अभियंत्याचे ते स्वप्न होते. १८७१ साली सरकारने ते काम सोडून दिले. आपल्याकडे पाण्याची वाट म्हणजे ओढा, नाला, दुधनेचा कालवा. त्यांना माती टाकून कोणी तुंबवले तर प्रकरण निराळे. नुकसान होणार हे ठाऊक असून शेतीचे पाणी तोडले, किंवा सार्वजनिक निचरा अडवून पाणी दुसऱ्याच्या अंगावर घातले, तर तो आगळिकीचा गुन्हा होतो आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाते. सार्वजनिक रस्ता किंवा पूल मोडून टाकणाऱ्यालाही तेच. फरक जाणतेपणाचा आहे. नुसता आडवा आलेला आणि जाणूनबुजून मोडणारा, या दोघांना कायदा एका मापाने मोजत नाही, आणि हे योग्यच आहे.

मग आंदोलनाचे काय, असा प्रश्न समोरून येणार हे आम्ही जाणून आहोत. १९८० साली शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने कांद्याच्या आणि उसाच्या भावासाठी रस्ते रोखले, आणि १९८४ साली तिचे अधिवेशन आपल्या परभणीत भरले. त्या रस्त्यावर बसलेल्यांना आम्ही अपराधी म्हणू शकत नाही. दुसरी कोणती जागा त्यांचे ऐकत होती? परंतु ७ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने, दिल्लीतील शाहीनबागेच्या प्रकरणात, निषेधाचा हक्क मान्य करूनही सार्वजनिक वाट बेमुदत अडवून ठेवता येणार नाही, असे सांगितले. बेमुदत हा शब्द आम्हांस महत्त्वाचा वाटतो. तासभराचा रोष आणि महिनोन्‌महिन्यांचा ताबा यांत अंतर आहे. ते कोठे संपते, यावर आमच्याजवळ तयार उत्तर नाही.

पण अडलेल्या माणसाला दुसऱ्याच्या शिक्षेत रस नसतो. त्याला वाट हवी असते. ती देणारे कलम दंड संहितेत नाही, प्रक्रियेच्या कायद्यात आहे. पूर्वीचे १३३ वे, आता नागरिक सुरक्षा संहितेचे १५२ वे. उपविभागीय दंडाधिकारी अडथळा काढण्याचा सशर्त हुकूम काढतो. समोरच्याने कारण दाखवावे, नाहीतर वाट मोकळी करावी. तेही न केले तर अडथळा त्याच्या खर्चाने निघतो. मात्र समोरचा पहिल्याच तारखेला उठून म्हणतो, ‘साहेब, ही वाट सार्वजनिक नाहीच, आमच्या मालकीची आहे.’ त्याने याला विश्वसनीय पुरावा दिला तर दिवाणी न्यायालयाचा निर्णय होईतो काम थांबते.

हा बचाव आपल्या ओळखीचा आहे. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांविरुद्ध दिवाणी दावा झाला, तेव्हाही तळे सार्वजनिक नाही, आमचे आहे, हेच सांगण्यात आले होते. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात तो दावा टिकला नाही. आज संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या ओळीत रस्ते आहेत, ते उगाच नाहीत.

म्हणून पांदणीचा झगडा तोंडाने जिंकता येत नाही, गावच्या नकाशाने जिंकता येतो. नकाशात गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने आणि पायवाट एकेरी तुटक रेषेने काढलेली असते. शिवाय १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडेही शेताची अडवलेली वाट मोकळी करून मागता येते, पण वाट अडल्यापासून सहा महिन्यांच्या आत. भाऊबंदकीत मनुष्य ‘आज ना उद्या समजेल’ म्हणत थांबतो, आणि सहा महिने कधीच निघून जातात.

आमच्याकडे आलेले एक गृहस्थ तिसऱ्या वर्षी आले. अडवणारा त्यांचा चुलतभाऊ. तहसीलातली मुदत गेलेली होती. आम्ही त्यांना नकाशाची नक्कल आणायला सांगितले. नकलेत त्यांच्या धुऱ्याजवळून पुढच्या गावापर्यंत दुहेरी तुटक रेषा होती. म्हणजे वाट दोघा भावांची नव्हती, दोन गावांची होती. अर्ज उपविभागात गेला. चुलतभावाने मालकीचा कागद दाखवला, तो शेताचा निघाला, वाटेचा नव्हे. दंडाचा खटला कोणी भरला नाही, आमच्या पक्षकारानेही मागितला नाही. चैत्रात काटेरी कुंपण निघाले, ज्येष्ठात गावकऱ्यांनी मुरूम टाकला, आणि मृगात पहिली खताची गाडी त्या वाटेने गेली ती चुलतभावाचीच.