‘एम्’ बोलपटांतील खुनी

१९३१ सालीं फ्रिट्झ लांग यांनीं जर्मनींत काढलेल्या ‘एम्’ या बोलपटाविषयीं आज बोलतों. भाड्याच्या खोलींत एकटा राहणारा बेकर्ट लहान मुलींचे खून करतो. सुऱ्या मांडलेल्या दुकानाच्या कांचेंत एका मुलीचें प्रतिबिंब दिसतांच त्याचा चेहरा पालटतो. तिला आई भेटते, मुलगी वांचते, आणि हा गृहस्थ उपाहारगृहांत ब्रँडी ढोसून स्वतःशीं झगडत बसतो. पुढें चोरांच्याच न्यायसभेपुढें तो आक्रोशतो, कीं आपल्याच्यानें हें आवरत नाहीं. पीटर लॉरे यांचा तो आक्रोश ऐकून मजसारख्या छडीवाल्या पंतोजीला घाम फुटला. ‘तूं मुद्दाम केलेंस,’ म्हणून मीं कितीजणांना झोडपलें असेल! बेकर्टला फांशी द्यावी असें मला वाटत नाहीं. मात्र आरंभींच मेजावर ताट मांडून लेकीची वाट पाहणाऱ्या एल्सीच्या आईपुढें हें बोलण्यास मी धजणार नाहीं.